शाईचं वजन

"काका, माझे गणितातले एकोणतीस मार्क असेच मुठीत धरून शंभर करून द्याल का?"

हा प्रश्न मी भर रांगेसमोर विचारायचा, अशी पैज होती. लावली वकिलाने. वकील म्हणजे माझी मैत्रीण. कुठलाही वाद ती घंटा होईपर्यंत सोडत नाही, म्हणून वर्गाने तिला दिलेलं हे नाव. साक्षीदार होती लंबी, तीही मैत्रीणच. गेल्या वर्षापर्यंत हजेरीलासुद्धा माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे, दोनदा तर मी वर्गात असून गैरहजर लागले होते. त्यामुळे दोघींना खात्री होती की मी ऐन वेळी शेपूट घालणार. मी विचारला. आणि असा खणखणीत विचारला की पलीकडच्या फुटपाथवरच्या माणसानेही वळून पाहिलं.

शनिवारची दुपार होती. स्टेशनरीच्या दुकानासमोर तीसेक माणसं रांग लावून उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात कार्ट्रिज होतं. घरच्या प्रिंटरमध्ये शाईची ती प्लास्टिकची डबी बसवतात ना, काडेपेटीहून थोडी मोठी, तेच. कोणी ते रुमालात गुंडाळून आणलं होतं, कोणी डब्यात, आणि एका बाईंनी तर बाळाच्या मोज्यात. दवाखान्याबाहेर बसतात तशा चेहऱ्याने सगळे उभे होते. पुढे बाकावर बसले होते शाईवैद्य.

हे नाव त्यांनीच घेतलेलं. पन्नाशीचे गृहस्थ, पांढराशुभ्र कडक इस्त्रीचा शर्ट, उजव्या तळहाताला जाड पांढरी पट्टी. पट्टी का, तर एवढ्या मेलेल्या कार्ट्रिजांना जागं करताना हाताला उष्णता बाधते म्हणे. माणूस समोर आला की ते कार्ट्रिज हातात घ्यायचे, कानाशी धरायचे आणि हळहळायचे.

"शाई संपत नसते. शाई रुसते. तुम्ही यंत्राला रागाने बोललात. बोललात ना? कागद अडकला होता तेव्हा."

आता मला सांगा, कागद कोणाचा अडकत नाही, आणि अडकल्यावर प्रिंटरची आरती कोण ओवाळतं? पण समोरचा माणूस असा चपापायचा, जणू वैद्यांनी त्याच्या कपाटातली पत्रं वाचली. मग वैद्य सांगायचे, डोळे मिटा, यंत्राला बोललेला एकेक वाईट शब्द आठवा आणि सावकाश सात आकडे मोजा. तोवर कार्ट्रिज पट्टीच्या मुठीत. सात म्हटलं की पट्टीच्या आतून हिरवा उजेड लुकलुकायचा आणि रांगेतून एक हलकासा हुंकार उठायचा. दुकानदाराने काउंटरवर चार प्रकारचे प्रिंटर मांडून ठेवले होते. कार्ट्रिज त्यातल्या जुळणाऱ्यात बसवायचं. जिथे आत्तापर्यंत लाल फुली यायची, तिथे शाईची पट्टी काठोकाठ भरलेली दिसायची. वर एक पानही निघायचं. अगदी काळंभोर.

निरोप देताना वैद्य पथ्य सांगायचे. बाहेरची शाई आत घालायची नाही. सुई टोचलीत की ती कायमची गेली. माझी फी नाही, इच्छेला येईल ते डब्यात टाका.

माझ्या प्रश्नावर रांग हसली. वैद्यही हसले, आणि सर्वांत गोड तेच हसले. "बाळा," ते म्हणाले, "मार्क कागदावर असतात. शाई आत असते. मी आतलं जागं करतो."

लोकांनी माना डोलावल्या. पैज मात्र मी जिंकले होते. वकिलाकडे बघून मी भुवया उडवल्या, आणि उडवता उडवता माझी नजर रांगेच्या मध्यावर गेली.

तिथे बाबा उभे होते. हातात रुमाल, रुमालात कार्ट्रिज. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि मग पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत राहिले.

बाबा तेवीस वर्षं छापखान्यात मशीनमन होते. खोलीएवढ्या यंत्रापाशी उभं राहायचं, शाईच्या खणात पट्टीने शाई ढवळायची, रुळांचा आवाज ऐकून ओळखायचं की शाई जास्त झाली की कमी. त्यांच्या नखांच्या कडा कायम काळ्या असायच्या. मी लहान असताना मला वाटायचं, सगळ्यांच्याच बाबांची नखं तशी असतात. मग छापखाना बंद पडला, यंत्र भंगारात गेलं, आणि आमच्या घरात शिलाई मशीनच्या मेजावर हा प्रिंटर आला. एका शिकवणीच्या क्लासचे सर आहेत, त्यांच्या सराव-प्रश्नपत्रिका बाबा छापतात. आई पानं लावते, पिना मारते आणि नेऊन देते. घर त्यावर चालतं.

प्रिंटर पोरसवदा आहे. रुळांसारखा बोलत नाही. मध्येच थांबतो आणि पडद्यावर लिहितो, शाई संपली. आत किती आहे ते दिसत नाही, डबी सीलबंद. त्याने संपली म्हटलं की संपली. नवं कार्ट्रिज आणावं तर निम्मी मिळकत त्यातच जाते. म्हणून बाबांनी एकदा रीफिलची शाईची बाटली आणली होती. पण त्याच आठवड्यात त्यांना वैद्य भेटले, पथ्य मिळालं आणि बाटली सीलसकट कपाटावर गेली.

मला याचं नवल वाटायचं. बाबांसारखा माणूस असं कसं ऐकतो? एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले की वैद्यांचं हे म्हणणं बरोबरच आहे. छापखान्यात त्यांच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, दोन डब्यांची शाई एकमेकीत कधी मिसळायची नाही, रंग फुटतो. बाहेरची शाई आत घालू नका म्हणणारा माणूस म्हणजे जाणकार असणार, असा त्यांनी हिशेब केला. त्यांना फसवलं ते त्यांच्याच चांगल्या सवयीने.

आणि हातगुण आला नव्हता असंही नाही. पहिल्यांदा वैद्यांकडून आणलेल्या कार्ट्रिजवर बाबांनी साठ पानं काढली. दुसऱ्यांदा पंचवीस. माझ्या पैजेच्या शनिवारी तिसऱ्यांदा आणलं, त्यावर नऊ. दहाव्या पानावर ओळींमधून पांढऱ्या रेघा फिरल्या, आजारी माणसाच्या जिभेसारखं पान दिसायला लागलं. पडद्यावर मात्र शाई काठोकाठ.

आईचं म्हणणं पडलं की मी रांगेत थट्टा केली म्हणून असं झालं. बाबांनी ते रेघांचं पान माझ्यासमोर ठेवलं. ते मला जास्त लागलं. पुढच्या सोमवारी सरांना परीक्षेआधीच्या मोठ्या सरावपुस्तिका द्यायच्या होत्या, सगळ्या तुकड्यांच्या. बाबांनी ठरवलं, शनिवारी पुन्हा वैद्यांकडे जायचं आणि रविवारभर छापायचं.

माझ्या डोक्यात वैद्यांचं उत्तर अडकलं होतं. मार्क कागदावर, शाई आत. ठीक आहे. पण मग साठ, पंचवीस, नऊ हे काय? आतलं जागं होत असेल तर दर वेळी त्याला जास्तच झोप का येते?

मंगळवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघी ते रेघांचं पान घेऊन प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या ताईकडे गेलो. तिचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एका माणसाने आत जायचं तर दुसऱ्याने बाहेर यायचं. ताईने पान हातात धरलं आणि मान वर न करता विचारलं, "वैद्याकडे गेला होतात?"

मी हो म्हटलं.

"किती वेळा?"

"तीन. साठ पानं निघाली, मग पंचवीस, मग नऊ."

"छापणं बंद करा. शाई नाहीये आत. आणखी चालवलंत तर हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, जळेल, मग प्रिंटर फेकून द्यायचा."

वकिलाने लगेच वाद घातला की पडद्यावर तर पूर्ण दिसते. ताईने सुस्कारा टाकला. तो सुस्कारा ती बहुधा दिवसातून वीसदा टाकत असावी. मग आमच्या कार्ट्रिजच्या जातीचं एक जुनं कार्ट्रिज घेऊन तिने कडेची चिप दाखवली, नखाएवढी हिरवी पाटी आणि तिच्यावर सोनेरी ठिपके. ही चिप शाई बघत नाही, ती म्हणाली. तिला डोळेच नाहीत. ती फक्त मोजते, किती शाई खर्च झाली असावी ते. मोजत मोजत शून्यावर आली की बोंब मारते, शाई संपली. खरं तर तेव्हाही आत थोडी उरलेली असते, हेड कोरडं पडू नये म्हणून राखून ठेवलेली. वैद्य तुम्हाला तीच उरलेली शाई छापून दाखवतो. पहिल्या वेळी साठ पानं, मग पंचवीस, मग खडखडाट.

"पण तो आकडा शून्याचा शंभर कसा होतो?" लंबीने विचारलं.

ताईने खणातून एक वस्तू काढली. अंगठ्याएवढं काळं प्लास्टिक, टोकाला दाबल्या जाणाऱ्या सात बारीक टाचण्या. त्या टाचण्या तिने चिपच्या ठिपक्यांवर टेकवल्या. लाल दिवा लुकलुकला. सात मोजेपर्यंत तो हिरवा झाला.

"झालं," ती म्हणाली. "याला रिसेटर म्हणतात. चिपला वाटतं आपण कोऱ्या आहोत. आधी शाई भरून मग हे केलं तर आकडा खरा. नुसतंच केलं तर आकडा खोटा. दोन्ही वेळी दिवा हिरवाच लागतो."

मी तर जागच्या जागी उडी मारली आणि जिन्याला डोकं आपटून घेतलं. सात आकडे, हिरवा उजेड, पट्टी, सगळं त्या एवढ्याशा तुकड्यात होतं. मी ताईला म्हटलं, मग हे तुम्ही लोकांना का नाही सांगत? ती हसली, पण त्यात हसू फारसं नव्हतं.

"सांगते की. त्यांच्यासमोरच करते. मग ते म्हणतात, एवढंच? याचे पैसे? आणि तिकडे जाऊन डब्यात नोटा टाकतात." तिने रिसेटर माझ्या हातावर ठेवला. "उघड्यावर केलं की मजुरी, मुठीत केलं की सिद्धी. हा जुना आहे, घेऊन जा. आणि बाबांना सांग, कोरडं छापू नका."

घरी येऊन मी एका दमात सगळं सांगितलं. चूक झाली. बाबा जेवत होते. त्यांनी रिसेटर उलटसुलट करून पाहिला आणि मेजावर ठेवला. ताईला धंदा हवाय म्हणून ती असं म्हणत असेल, असं ते म्हणाले. मी आवाज चढवला, तेव्हा त्यांनी ताट पुढे सारलं.

"तू एका संध्याकाळी शिकलीस. मी तेवीस वर्षं शाईत हात घालून उभा होतो."

ते उठून गेल्यावर आईने मला ओट्यापाशी बोलावलं. ती भांडी विसळत होती, माझ्याकडे पाठ करून. म्हणाली, छापखाना बंद पडल्यापासून हा माणूस रात्र रात्र छताकडे बघत पडायचा. वैद्यांनी त्यांना सांगितलं की तुमचं काही चुकलं नाही, शाई रुसली आहे, एवढंच. तेव्हापासून झोपतात.

"तेवढा एक आधार आहे त्यांना. तो काढून घेशील. मग त्याच्या जागी काय देणार आहेस?"

मी विसळलेली भांडी पुसायला घेतली. खोटं कसं पकडायचं हे मला चांगलं कळलं होतं, आणि पुढचे दोन दिवस मी वर्गात त्यावर भावही खाल्ला. पण रांगेतली ती माणसं आता मला वेगळी दिसायला लागली. ती भोळी नव्हती. दमली होती. उद्या सकाळी काम द्यायचं आणि आज प्रिंटर नाही म्हणतोय, हे ज्याच्यावर पंचवीसदा येतं त्याला कोणीतरी गोड बोलून डोळे मिटायला सांगितलं तर तो मिटणारच. मीही मिटले असते. सात आकड्यांपुरता तरी आराम.

पण रविवारी प्रिंटर जळाला असता, तर सोमवारी आमच्याकडे ना पुस्तिका असत्या ना प्रिंटर. हे आईलाही ठाऊक होतं.

मी बाबांशी पुन्हा वाद घातला नाही. शुक्रवारी फक्त एवढं म्हटलं, "उद्या मी तुमच्याबरोबर येते. वैद्यांनी हात लावायच्या आधी आणि नंतर, दुकानदाराच्या काट्यावर कार्ट्रिजचं वजन करू. मी एक शब्द बोलणार नाही. वजन काय ते बोलेल."

बाबांनी रिसेटर पुन्हा एकदा उलटसुलट करून पाहिला. "वजनाला माझी ना नाही," ते म्हणाले. "कागद आम्ही वजनावरच घ्यायचो."

शनिवारी रांग आणखी लांब होती. लंबी आणि वकील आमच्या आधीच येऊन थांबल्या होत्या. दुकानदार पार्सलं तोलायचा छोटा डिजिटल काटा द्यायला कुरकुरत होता. त्याच्या दुकानासमोर गर्दी जमते, तेवढ्यात चार वह्या खपतात, त्याला कशाला हा उपद्व्याप? पण बाबा त्याचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी काटा मागितल्यावर त्याला नाही म्हणवलं नाही.

आमचं कार्ट्रिज, आधी: एकवीस ग्रॅम. मी तो आकडा रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाचला. एवढंच बोलेन असं मी ठरवलं होतं.

वैद्यांनी काट्याकडे एक नजर टाकली आणि न बिचकता आपलं सुरू केलं. शाई रुसते. पुन्हा पुन्हा रुसते, कारण घरात कोणाच्या तरी मनात शंका असते. हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण बाकीच्यांनी पाहिलं. बाबांनी डोळे मिटले, सात मोजले. हिरवा उजेड. प्रिंटरच्या पडद्यावर शाई काठोकाठ.

बाबांनी स्वतःच्या हाताने कार्ट्रिज पुन्हा काट्यावर ठेवलं. एकवीस ग्रॅम.

त्यांनी ते उचललं, काटा पुसला, परत ठेवलं. एकवीस.

रांगेत पुढेच एक विमा एजंट होते. त्यांचं काम घाईचं, म्हणून त्यांनी आधीच नवं कार्ट्रिज विकत घेऊन ठेवलं होतं, आमच्याच जातीचं. मी काही म्हणायच्या आत त्यांनी पाकीट फोडलं आणि काट्यावर ठेवलं. छत्तीस.

काट्यावरचा आकडा प्रत्येक जण पुढे वाकून स्वतः बघून गेला. वैद्यांनी मात्र आवाज चढवला नाही, तो त्यांचा गुणच होता.

"श्रद्धेचं वजन काट्यावर होत नसतं, बाळा."

"श्रद्धेचं नकोच, काका. शाईचं करतोय."

मी गप्प राहणार होते, पण हे राहवलं नाही. आणि एकदा तोंड उघडल्यावर मी कशाला थांबते? लंबीच्या घरचं संपलेलं कार्ट्रिज आम्ही आणलंच होतं. मी ओढणी तळहाताला गुंडाळली, कार्ट्रिज कानाशी धरलं आणि हळहळले. "शाई संपत नसते, शाई रुसते. लंबे, आठव, कागद अडकला तेव्हा त्याला काय म्हणालीस." लंबीने डोळे मिटून अशी पश्चात्तापाची मुद्रा केली की मागे दोघे-तिघे फिसकन हसले. सातव्या आकड्याला ओढणीतून हिरवा उजेड आला. कार्ट्रिज प्रिंटरमध्ये बसवलं. काठोकाठ.

मग मी ओढणी सोडली आणि रिसेटर सगळ्यांना दिसेल असा धरला. ताईने जे सांगितलं होतं ते सांगितलं. चिपला डोळे नाहीत, ती मोजते. या टाचण्या तिला मोजलेलं विसरायला लावतात. शाई होती तेवढीच राहते. आणि कोरडं चालवलं की हेड जळतं.

मला वाटलं होतं, टाळ्या पडतील. खरंच वाटलं होतं. पण लोकांचे चेहरे पडले. मोज्यात कार्ट्रिज आणणाऱ्या बाई खाली बघत मोजा घडी करत राहिल्या. विमा एजंट थकल्या आवाजात म्हणाले, म्हणजे पुन्हा विकतच घ्यायचं तर. त्यांच्या हातून मी काहीतरी काढून घेतलं होतं, आईने सांगितलं होतं तसं.

तेव्हा बाबा पुढे झाले. वैद्यांच्या अगदी समोर उभे राहून त्यांनी शांतपणे म्हटलं, "मूठ उघडा."

मला वाटलं, वैद्य तमाशा करतील, शाप देतील. पण त्यांनी पट्टी सोडायला घेतली. गाठ सुटेना, तर दातांनी सोडली. आत तोच काळा तुकडा होता, रबरबँडने बोटांना बांधलेला. रोज असं बांधून बांधून बोटांवर वळ उठले होते.

"आधी दुकान होतं माझं," ते कोणाकडेच न बघता म्हणाले. "टेबलावर ठेवून करायचो. कोणी येत नसे."

"मग शाई का नाही भरून दिलीत?" मी विचारलं. "आणि आम्ही भरू नये असं का सांगितलंत?"

"भरायला शिकले असते, तर माझ्याकडे परत कशाला आले असते?"

बाबा त्यांच्या शर्टाकडे बघत होते. मग हातांकडे.

"शाईचं काम करणाऱ्याचे हात एवढे स्वच्छ नसतात," ते म्हणाले. "हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. मलाच."

त्यांनी कार्ट्रिज रुमालात गुंडाळलं आणि घरी निघाले. मी मागून.

घरी आल्यावर बाबांनी कपाटावरची बाटली काढली. दोन शायांच्या मिसळीची भीती त्यांनी ताईला फोन करून विचारली. तिने सांगितलं की ही शाई याच जातीच्या प्रिंटरची आहे, आणि आत उरलीय कुठे मिसळायला. मग त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि सिरिंजने थेंब थेंब शाई भरू लागले, इतक्या सावकाश की आई दोनदा येऊन बघून गेली. शेवटी रिसेटर मी लावला. पहिलं पान रेघांचंच निघालं. वाटलं, हेड गेलं. बाबांनी ओल्या फडक्याने हेड टिपलं, यंत्राकडून साफसफाईचा फेरा करून घेतला, तासभर थांबले, पुन्हा फेरा. दुसऱ्या पानात निम्म्या रेघा. तिसऱ्या फेऱ्यानंतर बाबा प्रिंटरवर वाकून ऐकत राहिले, जसे ते रूळ ऐकायचे.

पान बाहेर आलं. काळंभोर, सलग.

रविवारभर आम्ही तिघांनी काम केलं. बाबा छापत होते, मी पानं लावत होते, आई पिना मारत होती. संध्याकाळी सगळ्या पुस्तिका मेजावर रचल्या गेल्या. बाबा खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या नखांच्या कडा काळ्या झाल्या होत्या आणि आई त्या बोटांकडे बघत होती. कोणाच्याही अंगात बोलायचं त्राण नव्हतं, म्हणून मीच बोलले.

"मी काहीतरी ठरवलंय. परवानगी मागत नाहीये, सांगतेय. पुढच्या शनिवारपासून मी त्या दुकानासमोर बसणार. ताईला विचारलंय, ती तिचं टेबल देतेय. बाबा, शाई तुम्ही भरायला शिकवायची, तेवढं माझ्या हाताला येत नाही."

आईने अभ्यासाचं विचारलं. तो मी सकाळी उठून करीन, असं सांगितलं. बाबा म्हणाले, तिथे कोणी येणार नाही, त्या माणसाकडे उघड्यावर आलं का कोणी?

"नाही आले तर आपण दोघंच बसू. पण आले, तर आधी त्यांनी स्वतः वजन करायचं. मग शाई स्वतः भरायची. मग पुन्हा वजन. आकडा सगळ्यात शेवटी बदलायचा. दमलेल्या माणसाला डोळे मिटायला कोणीही सांगेल, बाबा. मी त्यांना उघडे ठेवायला सांगणार. जे स्वतः तोलून बघता येतं ते तोलून बघा, मग कोणी सांगितलेलं असो, वैद्याने, पडद्याने, नाहीतर माझ्यासारख्या पोरीने. आणि माझ्यावर विश्वास ठेवा, असं मी तिथे कोणालाही म्हणणार नाही."